ज्युरीतून बायकांना माफी : ती सवलत नव्हती

सक्तीची नागरी कर्तव्ये आणि स्त्री-पुरुष समता हा विषय निघाला की एक मुद्दा हमखास पुढे येतो. सैन्यभरतीची सक्ती पुरुषांवर, अमेरिकेत ज्युरीत, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात, बसण्याची सक्तीही कित्येक दशके पुरुषांवरच. बायकांना मात्र घरी राहायची मुभा. मग भेदभाव झाला तो कोणावर? याला उत्तर देणारे तितक्याच आवेशाने सांगतात की पुरुषांचा चार दिवस कामधंदा बुडाला एवढेच, अपमान झाला तो बायकांचा. यापुढे कोणी किती सोसले याची बेरीज-वजाबाकी सुरू होते आणि वाद तिथेच फिरत राहतो. दोन्ही बाजू एका माणसाला विसरतात. तो न्यायालयातच असतो, आरोपीच्या पिंजऱ्यात. ज्युरीत कोण बसले आणि कोणाला बसू दिले नाही, याचा परिणाम त्याच्या उरलेल्या आयुष्यावर होतो. पुरुषाला सक्ती आणि बाईला ऐच्छिक, अशी वाटणी करणारा कायदा बाई, पुरुष आणि आरोपी अशा तिघांवरही अन्याय करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तो दूर करायचा तर ज्युरीत बोलावणारे समन्स सर्वांना सारखेच गेले पाहिजे. सूट हवी असेल त्याने ती आपली परिस्थिती दाखवून मागावी. लिंग ही परिस्थिती नव्हे.

ज्युरीत कोण बसते याने काय फरक पडतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला हवे का? १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. निकाल आला सहा विरुद्ध तीन. १९०८ मध्ये सात युरोपीय आणि दोन पारशी होते; निकाल आला सात विरुद्ध दोन, आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. ज्या लेखांवरून खटला होता ते मराठीत होते आणि ज्युरीपुढे भाषांतरे ठेवली जात होती. त्या काळी मराठी वाचणारा सामान्य माणूस त्या बाकांवर नव्हता. म्हणून त्याला ज्युरीच्या कटकटीतून सूट मिळाली, असे तेव्हा कोणी म्हटले का? आपण त्याला वगळणेच म्हणतो, कारण तिथे आपल्याला आरोपी दिसतो. बायकांच्या बाबतीत तीच गोष्ट ‘माफी’ कशी होते?

वगळण्याची परंपरा जुनी आहे. इंग्रजी कायद्याचा अठराव्या शतकातला भाष्यकार ब्लॅकस्टोन याने बायकांना ज्युरीतून दूर ठेवण्याचे कारण लॅटिनमध्ये दोन-तीन शब्दांत दिले होते : स्त्रीत्वाच्या दोषामुळे. अपवाद होता तो गरोदरपण तपासण्यापुरता. फाशीची शिक्षा झालेली बाई आपण गरोदर असल्याचे सांगू लागली, तर ते तपासायला बायकांची ज्युरी बसवत. इंग्लंडमध्ये ही प्रथा १९३१ मध्ये रीतसर बंद झाली. पोट तपासायला बाई चालते, पुरावा तपासायला चालत नाही, असा हा कायदा होता. अमेरिकेत १८८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्ट्रॉडर खटल्यात कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळणारा वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा रद्द केला. हा मोठाच निकाल होता. पण राज्याला ज्युरी फक्त पुरुषांपुरती ठेवायची असेल तर ठेवता येईल, असेही त्याच निकालपत्रात लिहून ठेवले. आपल्याकडेही वेगळे नव्हते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या मूळ मजकुरात कलम ३१९ मध्ये ज्युरर होण्याची जबाबदारी एकवीस ते साठ वर्षे वयाच्या ‘सर्व पुरुष व्यक्तीं’वर टाकलेली होती.   

सरळ बंदी समजायला सोपी असते. खरा घोळ ‘ऐच्छिक’ या शब्दात आहे, आणि वाद घालणारे तिथेच फसतात. ऐच्छिकतेच्या दोन तऱ्हा होत्या. पहिलीत बाईने आपणहून नाव नोंदवल्याशिवाय ते यादीत येत नसे. दुसरीत नाव यादीत येई, पण ‘मी बाई आहे, मला नको’ एवढे कळवले की निघून जाई. कागदावर दोन्ही सौम्य दिसतात. प्रत्यक्षात काय होत असे ते आकड्यांतून कळते.

फ्लोरिडाने १९४९ मध्ये पहिली तऱ्हा स्वीकारली. सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे जाऊन ‘मला ज्युरीत बसायचे आहे’ अशी नोंद केलेल्या बाईचेच नाव घ्यायचे. टॅम्पा शहर ज्या हिल्सबरो काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे तिथे सुमारे ४६,००० स्त्री मतदार होत्या. त्यातल्या २२० जणींनी नोंद केली, म्हणजे शंभरात अर्धीही नाही. पुढचा आकडा याहून बोलका आहे. १९५७ ची ज्युरीची यादी १०,००० नावांची होती आणि तिच्यात बायका होत्या दहा. म्हणजे ज्या २२० जणी आपणहून पुढे आल्या, त्यांच्यातल्याही बहुतेकींची नावे यादीपर्यंत पोचली नव्हती. त्याच वर्षी ग्वेंडोलिन हॉइट या बाईने संसारातल्या कलहात नवऱ्याला बेसबॉलच्या बॅटने मारले आणि तो मेला. आपले डोके त्या क्षणी ठिकाणावर नव्हते, हा तिचा बचाव होता. सहा पुरुषांच्या ज्युरीने तिला खुनासाठी दोषी ठरवले आणि तीस वर्षांची शिक्षा झाली. नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाने सैरभैर झालेल्या बायकोची मनःस्थिती जोखायला निदान एखादी बाई तरी बसण्याची शक्यता असावी, एवढेच तिचे म्हणणे होते. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने फेटाळले. बाई अजूनही घराचे आणि कुटुंबाचे केंद्र मानली जाते, म्हणून तिला तिच्या मर्जीवर सोडणे गैर नाही, असे न्यायमूर्ती हार्लन यांनी लिहिले.

मिसूरीची तऱ्हा दुसरी होती. कॅन्सस सिटीच्या परिसरातल्या जॅक्सन काउंटीत प्रौढांपैकी ५४ टक्के बायका होत्या. मतदारयादीतून निवडलेल्यांना आधी एक प्रश्नावली जाई. तिच्यावरच ठळकपणे बायकांसाठी सूचना असे की बसायचे नसेल तर हा भाग भरून परत पाठवा. त्यातून उरलेल्या नावांत समन्स काढले जाई. समन्स गेलेल्यांत बायका २६.७ टक्के होत्या. समन्सवर पुन्हा तीच मुभा. त्याहीपुढे, समन्स मिळूनही एखादी बाई आलीच नाही, तर तिने सूट मागितली असे गृहीत धरत. दर आठवड्याला न्यायालयात प्रत्यक्ष हजर असलेल्यांत बायका उरत १४.५ टक्के. ड्युरेन नावाच्या आरोपीसाठी बोलावलेल्या ५३ जणांत पाच बायका होत्या आणि अंतिम ज्युरीत एकही नव्हती. ५४ वरून २६.७, तिथून १४.५, तिथून शून्य. यात कोणत्याही टप्प्यावर कोणी कोणाला ‘नाही’ म्हटलेले नाही.

आता विरोधातले मुद्दे. ते टाकाऊ नाहीत, आणि त्यांना टाकाऊ म्हणून आपली बाजू बळकट होत नाही.

पहिला मुद्दा माणुसकीचा आहे. अंगावरचे मूल असलेल्या बाईला, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईला, आठवडाभर न्यायालयात अडकवून ठेवायचे यात कसली समता? हे अगदी खरे आहे. घरातले न दिसणारे काम तेव्हाही बायकांवर होते आणि आजही बव्हंशी आहे. समन्स समान केल्याने ते समान वाटले जात नाही. पण या युक्तिवादातून जी सूट निघते ती लहान मूल सांभाळणाऱ्याला निघते, बाईला नव्हे. मुले नसलेली शिक्षिका, मुले मोठी झालेली साठीतली बाई, दुकान चालवणारी अविवाहित बाई यांना कशासाठी वगळायचे? आणि बायको वारल्यावर दोन मुलांना एकटा वाढवणारा बाप मात्र समन्स घेऊन निघालाच पाहिजे, हे कुठल्या माणुसकीत बसते? १९७९ मध्ये ड्युरेनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच फरक केला. मुलांची जबाबदारी असलेल्यांना नीट आखलेली सूट द्या, ती टिकू शकेल; सगळ्या बायकांना सरसकट सूट टिकणार नाही. आज फ्लोरिडाचाच कायदा पाहा. गरोदर बाईला, आणि सहा वर्षांखालच्या मुलाचा ताबा असलेल्या व पूर्णवेळ नोकरी नसलेल्या पालकाला, मागितल्यावर सूट मिळते. ‘पालक’ म्हटले आहे, ‘आई’ नव्हे. एका शब्दाने बापही आत आला आणि मूल नसलेली बाई कर्तव्याला बांधली गेली.

दुसरा मुद्दा : बायकांनाच नको होते. ४६,००० पैकी २२० आल्या, यातून आणखी काय निघते? पण हाच प्रयोग पुरुषांवर केला असता तर? हिल्सबरोतल्या किती पुरुषांनी कामावरून सुटी काढून, क्लार्कच्या खिडकीपुढे उभे राहून, मला बिनधास्त बोलवा असे लिहून दिले असते? कोणी विचारलेच नाही, कारण पुरुषांना विचारण्याची पद्धत नव्हती. कर भरायचा की नाही हे मर्जीवर ठेवले आणि फारसे कोणी भरले नाहीत, तर लोकांना रस्ते नको आहेत असा निष्कर्ष आपण काढत नाही. ज्युरी सक्तीची आहे ती एवढ्यासाठीच की आपणहून येणाऱ्यांची ज्युरी समाजाचा नमुना नसते. ती हौशी लोकांची ज्युरी होते. मग निम्म्या समाजासाठी हौस आणि उरलेल्या निम्म्यासाठी सक्ती ठेवली तर तयार होणारा नमुना कोणाचा?

तिसरा मुद्दा सगळ्यांत अवघड. बाई आणि पुरुष पुराव्याकडे सारखेच पाहत असतील, तर ज्युरीत बाई नसल्याने बिघडले काय? आणि वेगळे पाहत असतील, तर ‘बायकी नजर’ अशी काही वस्तू असते हे तुम्हीच मान्य केलेत. ज्या साच्याविरुद्ध लढायचे तोच साचा उचललात. हा पेच खरा आहे आणि अमेरिकी न्यायमूर्तीही त्यात अडखळले. मला सुटका दिसते ती अशी. एखादी विशिष्ट बाई अमुक मत देईल असे भाकीत करणे वेगळे आणि बारा जणांच्या खोलीत एका प्रकारचा अनुभव येण्याची वाटच बंद करणे वेगळे. पहिला साचा आहे. दुसरी गोष्ट साच्यावाचूनही चूक ठरते. कोकणातल्या सगळ्या माणसांची मते एक नसतात, पण महाराष्ट्राची समिती म्हणायचे आणि कोकणातला एकही माणूस त्यात येऊ शकणार नाही अशी घटना लिहायची, याला कोणी मान्यता देईल का? आरोपीला बायकांची मते मिळण्याचा हक्क नाही. त्याला हक्क आहे तो अशा यादीचा, जिच्यातून कोणी आधीच खुडून काढलेले नाही.

आणि कायदा बदलला तो याच रस्त्याने. हॉइट बाई होती, तिने समतेचा हक्क सांगितला आणि ती हरली. चौदा वर्षांनी बिली टेलर हा पुरुष, अपहरणाच्या गुन्ह्यातला आरोपी, लुईझियानातून आला आणि जिंकला. त्याच्या भागात ज्युरीस पात्र लोकांत ५३ टक्के बायका होत्या. त्याच्यासाठी काढलेल्या १७५ नावांत एकही नव्हती. राज्याने विचारले, हा पुरुष, याला बायका नसल्याचे दुःख कशाला? न्यायालयाने २१ जानेवारी १९७५ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी उत्तर दिले की समाजाच्या रास्त प्रतिनिधित्वातून निवडलेली ज्युरी हा आरोपीचा सहाव्या घटनादुरुस्तीने दिलेला हक्क आहे, मग आरोपी पुरुष असो वा बाई. ‘माफीने बायकांचे काय बिघडले’ आणि ‘पुरुषांचे काय गेले’ या दोन्ही प्रश्नांची तिथे गरजच उरली नाही. मात्र आठवड्याभरातच न्यायालयाने हेही ठरवले की या निकालाचा फायदा आधीच ज्युरी बसून गेलेल्या खटल्यांना नाही. त्याआधीच्या ज्युरींनी दोषी ठरवलेल्यांना या मुद्द्यावर दाद मिळाली नाही. ‘सवलती’ची खरी किंमत कोणी मोजली, हे शोधायचे तर तुरुंगातल्या त्या लोकांकडे पाहावे लागते.

या लढाईतले वकील कोण होते तेही पाहण्यासारखे आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लुईझियानातल्या बायकांची बाजू मांडली आणि ड्युरेनसाठीही त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या आधी पॉली मरे आणि डोरोथी केन्यन यांनी अलाबामात वंश आणि लिंग हे दोन्ही धागे एकत्र बांधले होते. तिथल्या लाउंड्स काउंटीत ज्युरीत गोरे पुरुषच बसत. १९६५ मध्ये नागरी हक्कांसाठी तिथे गेलेल्या जोनाथन डॅनियल्स यांना गोळी घालणारा माणूस अशाच ज्युरीपुढून निर्दोष सुटला. पुढच्या वर्षी संघीय (केंद्रीय) न्यायालयाने व्हाइट विरुद्ध क्रूक खटल्यात कृष्णवर्णीयांना वगळणे आणि बायकांना वगळणे, दोन्ही एकाच निकालात घटनाबाह्य ठरवले. आयर्लंडमध्येही १९२७ पासून बाईने अर्ज केला तरच नाव घेत. तो कायदा १९७५ च्या अखेरीस तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोडला, तोही आरोपी असलेल्या दोन बायकांच्या अर्जावर.

पुरुषांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र मी पूर्ण मान्य करतो : भेदभाव दोन्ही दिशांनी होतो. ज्युरी निवडताना प्रश्नोत्तरे होतात; पक्षपाताचे कारण दाखवून कितीही जणांना वगळता येते, शिवाय कारण न देता वगळण्याचे ठरावीक हक्क दोन्ही पक्षांना असतात. संघीय न्यायालयात गंभीर गुन्ह्यासाठी सरकारला सहा आणि आरोपीला दहा. अलाबामातल्या पितृत्वाच्या एका दाव्यात सरकारी पक्षाने आपल्या दहापैकी नऊ हक्क पुरुषांना काढायला वापरले. बापाच्या वकिलाने उलट बायका काढल्या, पण त्याला पुरले नाहीत आणि ज्युरी बाराही बायकांची झाली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच दाव्यात, म्हणजे जे. ई. बी. खटल्यात, सांगितले की निव्वळ लिंगावरून कोणालाही, पुरुषालाही, वगळता येणार नाही. हा निकाल पुरुषाच्या तक्रारीवर झाला. ज्यांना वाटते की समतेचा कायदा फक्त बायकांसाठी चालतो, त्यांनी तो जरूर वाचावा. त्याची अंमलबजावणी कच्ची आहे हेही खरे. वकिलाने ‘ती माझ्याशी बोलताना खाली पाहत होती’ असे काही कारण पुढे केले आणि न्यायाधीशाने ते पटवून घेतले की संपले. इंग्लंडने १९८८ मध्ये, कॅनडाने २०१९ मध्ये आणि ॲरिझोनाने २०२२ पासून कारण न देता वगळण्याचा हक्कच काढून टाकला. माझ्या मते तोच मार्ग बरोबर आहे.

मग बायकांसाठी वेगळी कायदेशीर तरतूद कधी असूच नये का? असावी. आपल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० प्रमाणे पोलिसांना बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नसे, तिच्या घरी जावे लागे. नव्या संहितेतही ते संरक्षण आहे. ते मला हवेच आहे. तिथे बाईला सत्तेच्या हातापासून दूर ठेवले आहे. ज्युरीच्या माफीत तिला सत्तेपासून दूर ठेवले होते. दोन्हीला ‘संरक्षण’ हाच शब्द वापरतात आणि गोंधळ होतो. याच जुन्या संहितेचे कलम ६४ पाहा : ज्याच्या नावाचे समन्स तो घरी सापडला नाही, तर ते कुटुंबातल्या ‘प्रौढ पुरुष’ सदस्याकडे द्यायचे. घरात शिकलेली, कमावती बायको किंवा आई असली तरी समन्स तिच्या हातात देऊन चालत नसे. हेही कोणी सवलत म्हणून खपवू शकेल. बाईला कोर्टकचेरीचा ताप नको! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ‘पुरुष’ हा शब्द गेला. आणि दारूच्या बारमध्ये बायकांना नोकरी देण्यास बंदी घालणारे पंजाब अबकारी कायद्यातले कलम २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले ते हेच सांगून, की सुरक्षिततेची व्यवस्था करणे राज्याचे काम आहे, त्याऐवजी बाईची नोकरी काढून घेता येत नाही.

आज अमेरिकेत कायदा लिंग पाहत नाही. मतदारयादी आणि वाहन परवान्यांच्या यादीतून नावे निघतात, म्हणून न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही समन्स येते, कधी नागरिक नसलेल्यांनाही. त्यांनी प्रश्नावलीत ‘नागरिक नाही’ असे खरे लिहून ती परत पाठवायची असते. कागद तसाच टाकून द्यायचा नसतो. संघीय न्यायालयाचे समन्स विनाकारण डावलले तर १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा तीन दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. पण नागरिक असलेल्या घरातली अडचण वेगळी आहे. संघीय ज्युररला दिवसाला ५० डॉलर मिळतात, कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दुसऱ्या दिवसापासून १५. पगारदार माणसाचा पगार बऱ्याचदा चालू राहतो. तासावर काम करणारी किंवा घरी मुले सांभाळणारी बाई १५ डॉलरांत पाळणाघर कुठून आणणार? ती अडचण सांगते, न्यायाधीश तिला सोडतो, आणि यादी पुन्हा पातळ होते. यावर तोडगा सोडून देणे हा नव्हे. समन्सची तारीख सहज पुढे ढकलता यावी, ‘एक दिवस किंवा एक खटला’ या पद्धतीने पहिल्याच दिवशी निवड न झालेल्याला मोकळे करावे, भत्ता निदान किमान वेतनाइतका असावा आणि न्यायालयाने मूल सांभाळण्याचा खर्च द्यावा, मग ते मूल आई सांभाळत असो की बाप.